आडवा हात

होळीला साताऱ्याला भावाकडे जेवायला बसले होते. पुरणपोळी वाढली, मी अर्धीच घेतली. मागोमाग वहिनी तुपाचं भांडं घेऊन आल्या. मी ताटावर हात आडवा धरला. "अहो वन्सं, सणाचं कोरडं खाऊ नये," असं म्हणत वहिनींनी चमचा उपडा केला. गरम तूप माझ्या बोटांवर पडलं आणि बोटांच्या फटींतून पोळीवर गेलं. पंगत हसली. मी रुमालाला हात पुसला आणि ती पोळी खाल्ली.

होळीच्या चार महिने आधी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट बसवले होते. पंगतीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. त्यातले निम्मे लोक मला भेटायला दवाखान्यात येऊन गेले होते. आयसीयूच्या दाराशी रडलेल्या वहिनींनीच तूप वाढलं होतं.

आज मला या आडव्या हाताबद्दल लिहायचंय. हात आडवा धरला म्हणजे नको. आपल्याकडे हा नको कुणाला ऐकूच येत नाही.

का येत नाही, तेही मला समजतं. परक्याच्या घरी पोटभर जेवायला माणूस लाजायचा. भूक असली तरी पहिल्यांदा नको म्हणायचा, दुसऱ्यांदाही म्हणायचा. तो उपाशी उठू नये म्हणून यजमानाने तिसऱ्यांदा वाढायचं, अशी ती रीत होती. धान्य मोजून असायचं त्या काळात ती माणुसकीचीच रीत होती. पण लाजेचा नको वेगळा आणि आजाराचा नको वेगळा. दोन्हींना एकच उत्तर देणाऱ्याने समोरच्याकडे पाहिलेलंच नसतं. त्याचं लक्ष फक्त ताटावर असतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुधाच्या हिशोबाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि कुणी "एकच घे" म्हटलं की एक रेघ मारायची असं ठरवलं. शेजारणीकडचं हळद घातलेलं लोणचं, "एकच फोड". भिशीत बटाटेवडा, "एकच". पुतण्याच्या बढतीचा पेढा, "अर्धाच". जाऊबाईंच्या घरी तळलेले पापड, "अगं, पापडाने काय होतंय?" पंधरा दिवसांत २७ रेघा झाल्या. दर वेळी देणारा वेगळा होता, खाणारी मी एकटी. देणाऱ्यांपैकी एकाचीही चूक दिसत नाही, कारण प्रत्येकाने एकदाच दिलंय. २७चा हिशोब फक्त माझ्या शरीराकडे आहे.

म्हणून "एकाने काय होतंय?" हा प्रश्न मला आता ऐकवत नाही. विचारणारा शहाण्या घरातला असतो, शिकलेला असतो, बेरीज त्याला येते.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. स्टेंट बसला म्हणजे आजार गेला, आता काय, खा बिनधास्त! १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी पहिल्यांदा उघडली. तेव्हापासून या शास्त्राने लाखो माणसं वाचवली, मीही त्यांतलीच. पण फुगा आणि स्टेंट जिथे अडथळा आहे तेवढीच जागा उघडतात. ज्या कारणांनी तो अडथळा तयार झाला ती कारणं इतर सगळ्या रक्तवाहिन्यांतही काम करत असतात. नळाचा एक सांधा बदलला म्हणून घरातली सगळी पाइपलाइन नवी होत नाही. उरलेल्या नळ्यांसाठी गोळ्या आहेत, चालणं आहे, तंबाखूला हात न लावणं आहे. आणि जेवण आहे.

आणि झटका येतो तेव्हा वय काही फार झालेलं नसतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात आपल्या भागातली माणसंही होती. त्यातून दिसलं ते असं: दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३, इतर देशांत जवळपास ५९. म्हणजे आपल्याला सहा वर्षं आधी. त्या सहा वर्षांत मुलीचं लग्न असतं, घराच्या कर्जाचे हप्ते असतात, म्हातारे आईवडील असतात. "एवढं पथ्य करून जगायचं तरी कशाला?" असं पेशंटच्या तोंडावर म्हणणाऱ्याने यातलं एक काम आपल्या अंगावर घेऊन मग म्हणावं.

"मरण कुणाला चुकलंय?" हेही ऐकलं. मरण चुकत नाही, कबूल. पण झटक्यानंतर माणूस मरतोच असं नाही. हृदयाचा पंप कमजोर होतो, दोन जिने चढताना धाप लागते, पावलं सुजतात, रात्री तीन उशा लावून बसल्याबसल्या झोपावं लागतं. मरणाच्या गप्पा मारणाऱ्यांना ही मधली वर्षं दिसत नाहीत.

तुपाबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त भांडणं तुपावरूनच होतात. "घरचं साजूक आहे, बाहेरचं नाही." घरचं असल्याने भेसळ टळते, एवढं खरं. तुपातल्या चरबीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त असते. ती खराब कोलेस्टेरॉल वाढवते, आणि तूप कोणी कढवलं यावर ते अवलंबून नसतं. खोबरेल तेलात हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्याही वर आहे. कोकणातल्या माझ्या नणंदेला हे पटत नाही, पण आहे. शेंगदाण्याच्या तेलात ते वीस टक्क्यांच्या आत असतं. मला दिवसाला चहाचा एक चमचा तूप चालेल असं सांगितलंय, सगळं मिळून. वरणभातावर जे तूप पडतं त्याला आपण अन्नशुद्धी म्हणतो. शुद्धीला थेंब पुरतो, पळी लागत नाही.

"आमचे आजोबा वाटीवाटी तूप खाऊन नव्वद वर्षं जगले." जगले असतील. पण १९५१च्या सुमारास या देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या घरात होतं. त्यात पाळण्यातच गेलेली मुलं पुष्कळ होती, साथींत गेलेली तरणी माणसं होती. नव्वदीपर्यंत पोचलेले आजोबा आपल्याला आठवतात, कारण ते पोचले. जे पोचले नाहीत त्यांचं जेवण कुणी लिहून ठेवलं नाही. शिवाय आजोबा मोटेवर होते, रोज दहा मैल चालायचे. त्यांचं तूप घ्यायचं आणि त्यांची पायपीट सोडायची, हा हिशोब जुळत नाही.

आता मीठ. माझ्या मते मीठ तुपाहून मोठं आहे, कारण ते दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं: आमटी, भाजी, पोळी, लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड, बिस्किटं. मला वाटायचं, आमच्याकडे तेवढंच जात असेल. मग मी मिठाच्या एक किलोच्या नव्या पाकिटावर तारीख घातली. घरात माणसं तीन. पाकीट ३२ दिवसांत संपलं. हजार भागिले बत्तीस, त्याला भागिले तीन. माणशी दिवसाला १० ग्रॅमच्या वर, म्हणजे दुपटीहून जास्त. बाहेरून आलेली शेव आणि पाव यात धरलेलेच नाहीत. हिशोबाने ते पाकीट ६६ दिवस चालायला हवं होतं. तुमच्या डब्यावर आजच तारीख घाला, डॉक्टरची फी लागत नाही.

दुकानातल्या पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणायचं. शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ झालं. खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं आणि पापडखारातही. आणि कृपा करून "सैंधव चालतं" असं कुणी मला पुन्हा सांगू नका. सैंधव हेही मीठच, त्यातही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. 'कमी सोडियमचं' म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरला विचारल्याशिवाय आणू नये.

आता जे मला सगळ्यात जास्त बोचतं त्याकडे येते.

पुरुषाला झटका आला की घरातलं स्वयंपाकघर बदलतं. बायको वही घेऊन आहारतज्ज्ञाकडे जाते, तळण बंद करते, लोणच्याच्या बरण्या माळ्यावर जातात, मुलांनाही दुधी खावा लागतो. माझ्या मैत्रिणींपैकी तिघींनी हे मनापासून केलं. बाईला झटका आला की घरातलं स्वयंपाकघर तसंच राहतं आणि त्याच स्वयंपाकघरात बाई एकटी बदलायचा प्रयत्न करते. दवाखान्यातून आले त्याच्या नवव्या दिवशी मी ओट्याशी उभी होते. एका गॅसवर घरची आमटी, दुसऱ्यावर माझं अळणी वरण लहान पातेल्यात. घरातल्या कुणी मला ओट्याशी ढकललं नव्हतं. कुणी थांबवलंही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात दोन पातेल्यांचा कंटाळा आला आणि मी घरचीच आमटी खायला लागले. आळस म्हणा हवं तर, मी त्याला दमणूक म्हणते.

त्यात उरलंसुरलं. अर्धी वाटी श्रीखंड, दोन भजी, नातवाने अर्धवट टाकलेला पराठा. टाकवत नाही म्हणून ते बाईच्या पोटात जातं. असा आग्रह कुणी करत नाही. तो लहानपणापासून आत बसलेला असतो. अन्न टाकू नये हे खरं, पण माझ्या रक्तवाहिन्या म्हणजे घराची शिळ्याची परडी नव्हे. आता मी कमी रांधते. उरलं तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी ज्याला हवं त्याने गरम करून घ्यावं.

मीठ कमी करणं हाताला जड गेलं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून आपल्या बायकांच्या हातालाच मीठ कळतं. ३४ वर्षं माझा हात न बघता डब्यात जायचा आणि बरोबर तेवढंच मीठ उचलून आणायचा. त्या हातावर विसंबणं सोडून मोजायचा चमचा आणला. आठवड्याला थोडं थोडं उतरवलं. आधी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. पण जीभ शिकते. काही आठवड्यांत कमी मिठाची सवय होते, मग आधीचंच खारट लागतं. आता घरात एकच पातेलं चढतं. ज्याला कमी वाटेल त्याने ताटातलं मीठ लावून घ्यायचं. आपण पान वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढतो, वर मधोमध. प्रत्येकाने आपल्यापुरतं घ्यावं म्हणूनच त्याला जागा दिलेली असते. आमटीत दुप्पट घालून वर ताटातही ठेवायचं, हे आपण कधी सुरू केलं कोण जाणे.

आणि पथ्याचं म्हणजे बेचव, हा समज तर मनातून काढूनच टाका. मूग, मटकी, चवळीची उसळ, आमसुलाची आंबटी, वरून लिंबू. आंबट असलं की मिठाची उणीव जाणवत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, जवसाची चटणी, गाजराची कोशिंबीर, जिरं घातलेलं बिनमिठाचं ताक. मासे खाणाऱ्यांना बांगडा, तळलेला नाही, कालवणातला. हे अन्न परक्या देशातून आणलेलं नाही, आपल्याच चुलीवरचं आहे. दवाखान्याच्या आहारपत्रकात ओट्स आणि ब्रोकोली लिहून दिली की घरातल्यांना वाटतं हिच्या पथ्याला आपण पुरे पडणार नाही, आणि मग ते वाढायला घेतात पुरी.

खाण्याचा आग्रह निदान उघड असतो. औषधाचा आग्रह त्याहून धोक्याचा. पहिल्या महिन्यात मला दुधीचा रस सांगणारे नऊ जण भेटले. दुधीची भाजी मी आनंदाने खाते. पण कडू निघालेल्या दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. तो रस पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आपल्याच देशात आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असणाऱ्या माणसाला हा रस पी म्हणून सांगताना जीभ अडखळायला हवी. ज्यांना कृत्रिम झडप बसवलीय आणि त्यासाठीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर पालक-मेथीचं प्रमाणही एकदम कमीजास्त करायचं नसतं, त्यातल्या व्हिटॅमिन के-मुळे गोळीचा परिणाम बदलतो. म्हणजे पालेभाजीसारख्या चांगल्या वस्तूचाही आग्रह करताना आधी विचारावं लागतं.

नवरात्र तोंडावर आलंय, म्हणून एक गोष्ट ओरडून सांगते. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या उपासासाठी बंद करायच्या नाहीत. एक दिवसही नाही. त्या मनानेच थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो बंद पडू शकतो, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. "देवाचं आहे, काही होत नाही" असं म्हणणारी सासू, आई, मावशी जी कोणी असेल, तिला हे वाचून दाखवा.

होळीनंतर वहिनींचा फोन आला होता. मी धीर करून तुपाचं बोलले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, "वन्सं, माझ्या हातचं नकोसं झालं का तुम्हाला?" मला काही सुचेना. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. गेली चाळीस वर्षं त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी ताटातून सांगितलं. माझा भाऊ दारू सोडून घरी आला तेव्हा त्या बोलल्या नाहीत, त्यांनी शेवयांची खीर केली. नवरा आणि नणंद यांच्यापुढे बोलण्याची दुसरी जागा ज्या बाईला कुणी ठेवली नाही, तिचा चमचा मी अडवत होते. माझा नको बरोबरच होता. पण तो त्यांना कुठे लागला, हेही मला दिसायला हवं होतं.

म्हणून मी मागणं केलं. म्हटलं, "वहिनी, तुमच्यासारखी ज्वारीची भाकरी माझ्याच्याने आजतागायत थापली गेली नाही. मला तीच पाहिजे. आणि लसणाची चटणी, बिनमिठाची." त्या म्हणाल्या, "बिनमिठाची चटणी कशी व्हायची?" म्हटलं, "तुम्हालाच जमेल." पंधरा दिवसांनी साताऱ्याहून येणाऱ्या पुतण्याबरोबर डबा आला. कारळ, लसूण, सुकं खोबरं अगदी नावाला, आमचूर. मीठ नव्हतं. मी ती चटणी आठवडाभर पुरवली.

परवा ऋषिपंचमीला पुन्हा साताऱ्याला गेले. भावाकडे दीड दिवसाचा गणपती, संध्याकाळी विसर्जन. वहिनींनी ऋषीची भाजी केली होती: अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, भोपळा, मक्याची कणसं, तेल जेमतेम. सोबत वरीचा भात. "मीठ कमीच घातलंय, पानात वाढलंय," एवढंच म्हणाल्या. मग बाकीच्यांच्या मोदकांवर वाढायला तुपाचं भांडं घेऊन पंगतीच्या टोकाला उभ्या राहिल्या. एकेका पानावर वाकत माझ्यापर्यंत आल्या. मी मान वरही केली नव्हती, पण माझा हात आपोआप पानावर आडवा गेला.

"हात काढा वन्सं," वहिनी म्हणाल्या, "नाही वाढत."

आणि भावाच्या पानाकडे गेल्या.